अर्ध्या कपाचा मान

पाहुणे चहा पिऊन उठले, तेव्हा आत उज्वलाकाकूंच्या तव्यावर पुरणपोळी फुगत होती.

गोरक्ष बोरस्ते पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर उभे होते. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं आणि त्यांना आत पानावर बसवायचं, असा त्यांचा बेत. पण पाहुण्यांचे प्रमुख दिल्शोद यांनी रिकामा कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवून मान लववली आणि बूट घालून ते चालू लागले. मागोमाग बाकीचे चौघे. गाडी बागेच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी गोरक्षकाका तांब्या धरून उभेच.

"काका, जेवणाचं सांगितलं होतं का त्यांना?" सृष्टीने विचारलं. तिची स्कूटी अजून अंगणातच होती.

"जेवणाचं काय सांगायचं असतं? भर दुपारी घरी आलेला माणूस जेवल्याशिवाय जातो का कुठं?"

"निदान मला तरी सांगायचं. त्यांचं जेवण केंद्रात लावलंय."

आतून गोरक्षकाकांच्या आईचा, कुसाबाईंचा, आवाज आला. "लय मोठे सायब दिसतात. आपलं अन्न गोड नाय लागत त्यांना. तू नको मागं पळू पोरी, बस. पोळी खा."

सृष्टी बसली नाही. पाहुण्यांना सांभाळणं हे तिचं कामच होतं.

पाहुणे उझबेकिस्तानच्या शेती खात्याचे अधिकारी होते. परदेशातल्या अधिकाऱ्यांना भारतात बोलावून काही आठवडे शिकवायचं, अशी सरकारची योजना आहे. त्या योजनेतून ते बेदाण्याची शेड आणि कांद्याची साठवण बघायला निफाडजवळच्या एका छोट्या प्रशिक्षण केंद्रात आले होते. एरवी या केंद्रात माती आणि पाण्याचे नमुने तपासले जात. परदेशी तुकडी इथे आणण्याची कल्पना सृष्टी डेर्लेची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती पुण्याहून परत आली, वर्षभर प्रस्ताव लिहीत बसली, आणि शेवटी दिल्लीने 'एक तुकडी करून बघा' म्हटलं. आता ही तुकडी संपताना, शनिवारी, दिल्शोद आपलं मत दिल्लीच्या माणसाला सांगणार होते. चांगलं बोलले तर पुढच्या तुकड्या निफाडला. नाही तर योजना दुसऱ्या राज्यात जाणार, केंद्र पुन्हा मातीच्या पुड्या मोजणार, आणि सृष्टीची जागाही योजनेबरोबर जाणार.

दिल्लीचा माणूस म्हणजे अमित गावित. मूळचा सुरगाण्याकडचा, परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात लागलेला. तो तुकडीबरोबरच केंद्राच्या वसतिगृहात राहत होता. त्याच्या खोलीत शालींचे गठ्ठे, नारळ आणि लाकडी मोरांची खोकी रचून ठेवलेली होती.

"मॅडम, तुम्ही त्यांना उगाच घरोघरी फिरवता," संध्याकाळी तो म्हणाला. "अधिकारी माणसं आहेत. पडद्यावर आकडे दाखवा, शाल द्या, फोटो काढा. आपल्याकडे याला सॉफ्ट पॉवर म्हणतात."

"ती मोजतात कशी?"

"मोजत नाहीत. अहवालात लिहितात."

सृष्टीला हसू आलं, पण मन काही लागेना. कारण गोरक्षकाकांच्या घरी झालं तेच पिंपळगावला झालं, आणि ओझरलाही. यजमानांनी ओट्यावर खुर्च्या मांडाव्यात, काठोकाठ भरलेले कप आणावेत, घरातल्या सगळ्यांनी अदबीने उभं राहावं, आणि पाहुण्यांनी चहा संपवून, छातीवर हात ठेवून निघून जावं. वर्गात हीच माणसं भरपूर प्रश्न विचारायची. शेडमधल्या जाळ्या किती अंतरावर, बेदाण्यात ओल किती राहू द्यायची, सारं खोदून खोदून विचारायची. घर आलं की त्यांची तोंडं मिटायची. ओझरच्या यजमानाने तर अमितला विचारलंच, "यांना घाईची लागते का काय?"

दरवेळी घडणारी गोष्ट योगायोग नसते, एवढं सृष्टीला प्रयोगशाळेने शिकवलं होतं. पण एकच एक गोष्ट कितीदाही बघितली तरी कारण कळत नाही. कुठेतरी काहीतरी वेगळं घडावं लागतं.

ते चांदवडला घडलं.

कांद्याची चाळ बघायला ते चिमणाबाईंच्या मळ्यात गेले होते. चिमणाबाई एकट्याच घरी होत्या आणि पाहुणे येणार ते दुसऱ्या दिवशी, अशी त्यांची समजूत. दूध जेमतेम पावशेर. त्यांनी कपाळाला हात लावला, मग होतं तेवढ्या दुधाचा चहा करून पेल्यांमध्ये अर्धा-अर्धा ओतला. खुर्च्या नव्हत्याच. आतल्या खोलीत सतरंजी अंथरली, पाहुण्यांना पार भिंतीशी बसवलं आणि पाय दुखतात म्हणून स्वतःही त्यांच्यासमोर बसल्या. "काय करता बाबांनो, बिनदुधाचा घ्या आता," म्हणत थोड्या वेळाने काळा चहा केला, तोही वाढला थोडाथोडाच.

पाहुणे दिवस कलला तरी उठेनात. दिल्शोदांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चिमणाबाईंच्या नातवंडांचे फोटो बघितले, स्वतःच्या नातवंडांचे दाखवले. दुभाषी मलिका ताश्कंदला हिंदी शिकवायची. तिचं हिंदी सिनेमातल्यासारखं स्वच्छ, आणि चिमणाबाईंचं हिंदी निम्मं मराठी. तरी कुणाचं काही अडलं नाही. निघताना दिल्शोद गाडीपर्यंत मागे वळून वळून बघत होते.

"आकडे बघून कंटाळले असतील," अमित म्हणाला. "इथं मोकळं वाटलं."

चिमणाबाईंकडे काय वेगळं होतं, याची सृष्टी मनात जुळणी करत होती. चहा कमी. बसायची जागा आत. यजमान बसलेले. यांतलं कुठलं खरं कारण? तिन्ही एकदम बदलली तर कळणार कसं? दुसऱ्या दिवशी केंद्रात मधल्या सुट्टीत तिने फक्त एकच गोष्ट बदलली. शिपायाच्या हातून किटली घेतली आणि दिल्शोदांच्या कपात अगदी तळाशी, दोन घोट होतील एवढाच चहा ओतला.

शिपाई घाबरला. "मॅडम, चहा हाय ना भरपूर."

"असू दे."

दिल्शोदांनी कपात पाहिलं, मग तिच्याकडे. चेहरा असा उजळला की जणू तिने कप नव्हे, काही मौल्यवान हातात दिलं. ते दोन घोट प्यायले आणि कप पुढे केला. तिने पुन्हा दोन घोट ओतले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ते शेजारची खुर्ची थोपटत तिला बसायला सांगत होते.

मग तिने मलिकाला व्हरांड्यात गाठलं आणि सरळ विचारलं.

मलिका आधी लाजली, मग हसत सुटली. "आमच्याकडे पाहुण्याला चहा थोडा ओततात. संपला की पुन्हा थोडा. म्हणजे, तुम्ही बसा, मला पुन्हा पुन्हा तुमच्यासाठी उठायला आवडतंय. पेला काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा."

"आणि जागा?"

"दारापासून सगळ्यांत लांबची जागा मानाची. तुम्ही आम्हाला दारातच बसवायचे. वर घरचे सगळे उभे. उभे राहिलेले यजमान म्हणजे गाडी दारात लागली." ती थांबली. "दिल्शोद-अका, म्हणजे आमचे दिल्शोददादा, म्हणाले, द्राक्षांचे दिवस आहेत, लोकांना कामं आहेत. भली माणसं आहेत, बोलावतात, पण आपण त्यांचा वेळ खाऊ नये. जुन्या वळणाचा माणूस आहे. त्यांचे पणजोबा कोकंदच्या खानाचे एलची होते, म्हणजे वकील, राजदूत. कुठे किती वेळ बसायचं, हे त्या घराण्यात लहानपणीच शिकवतात."

"मग आम्हाला सांगायचं ना."

"पाहुण्याने यजमानाला चहा कसा ओतावा हे सांगायचं? मला घरी परत जायचंय."

सृष्टीने हे सगळं अमितला सांगितलं. तिला वाटलं, तो टाळेल. पण त्याने खोक्यातला एक मोर हातात घेतला. "आपल्या जुन्या मराठी कागदांतही राजदूताला एलचीच म्हणतात," तो म्हणाला. "आणि दरबारात अत्तर-विडा पुढे आला की भेट संपली. विडा घेतला की वकिलाने उठायचं. मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मार्कही पडले." मोर त्याने परत खोक्यात ठेवला. "शनिवारची भेट कुठे ठेवू या? केंद्रात नको."

"गोरक्षकाकांकडे. तिथंच बिघडलंय."

गोरक्षकाका मात्र ऐकून घ्यायला तयार नव्हते. ते शेडमध्ये जाळीवरचे बेदाणे चाळत होते. "एकदा उठून गेले ना? झालं. माझी शेड बघायची तर बघू दे, घराची पायरी पुन्हा चढू नका म्हणावं. उज्वला दोन दिवस बोलली नाय माझ्याशी. म्हणे, तुम्हालाच लय हौस फॉरेनची."

"काका, त्यांना वाटलं तुम्ही जा म्हणालात."

"मी? मी तर तांब्या धरून उभा होतो."

"तेच तर."

तिने सगळं समजावलं. काका चाळणं थांबवून ऐकत राहिले, मग म्हणाले, "मला पटतंय. पण चूल माझी नाय. आईला विचार. अर्ध्या कपाचं तू सांग, मी नाय सांगत."

कुसाबाई ओसरीवर वाल सोलत होत्या. अर्धा कप म्हटल्यावर त्यांचे हात थांबले.

"माझ्या घरातून अर्धा कप? अगं, मजुराला देताना बी मी कप काठाला लागंस्तोवर भरते. बशीत सांडला पायजे चहा. लोक काय म्हणतील, बोरस्त्यांची म्हातारी चिक्कू झाली?"

"आजी, त्यांच्यात तो मान आहे."

"त्यांच्यात आसंल. ते आलेत माझ्या घरी."

हे बरोबरच होतं. तरी सृष्टीने मलिकाचं बोलणं पुन्हा सांगून पाहिलं. कुसाबाईंनी मान हलवली आणि पुन्हा वाल घेतले. शेजारची एक सून निघायच्या बेतात होती. "येते आजी," म्हणत ती वाकली. कुसाबाईंनी हाक मारून उज्वलाकाकूंकडून करंडा मागवला, तिला हळदकुंकू लावलं आणि ती गेली.

सृष्टी बघत राहिली. तिच्या डोक्यात आता दुसरंच काही जुळत होतं.

"आजी, बाई घरी आल्या आल्या तुम्ही तिला कुंकू लावता का?"

"येडी का काय? कुंकू निघताना लावायचं आसतं. आल्या आल्या लावलं तर ती म्हणंल, हिला माझी ब्याद घालवायची घाई झाली."

"ती बाई तसं तोंडावर बोलून दाखवेल का?"

"कशाला बोलंल? चांगल्या घरची आसंल तर गुमान उठून जाईल." कुसाबाईंचे हात पुन्हा थांबले. वालाचा एक दाणा सुपाबाहेर उडाला, तो त्यांनी उचलला नाही. "म्हंजे आपण त्यांना भरला कप दिला ते…"

"हो."

"पुरण शिजत असताना मी पाहुण्यांना कुंकू लावलं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, आजी."

"ते काय बोलले नाय?"

"चांगल्या घरचे आहेत."

कुसाबाईंनी उडालेला दाणा उचलून सुपात टाकला. मग सूप बाजूला सारलं. "गोरक्षा," त्यांनी हाक मारली, "तुझ्या त्या खुर्च्या आत टाक. न्हाय, खुर्च्या नकोच, देवघराच्या भिंतीला सतरंजी टाक. आन् तू बस पुढ्यात. तांब्या घेऊन नंदीबैलासारखा उभा ऱ्हायलास तर बघ."

"मी काय उभा ऱ्हाणार, मीच म्हणलो होतो…"

"तू काय म्हणला नव्हता."

शनिवारी पाहुणे आले तेव्हा कुसाबाई स्वतः दारात गेल्या आणि दिल्शोदांचा हात धरून त्यांना आतल्या भिंतीपर्यंत घेऊन आल्या. अमितला त्यांनी जराही न विचारता उंबऱ्याजवळ बसवलं. "तू आपला माणूस. तू बस दारात." अमित बसला. शालींचं खोकं त्याने गाडीतच ठेवलं होतं.

किटली कुसाबाईंनी कुणाच्या हाती दिली नाही. पहिल्यांदा ओतताना सवयीने चहा वर येऊ लागला, तेव्हा त्यांनी ओठ दाबून किटली सरळ केली. दिल्शोदांनी कपात पाहिलं. दोन घोट. त्यांनी मलिकाकडे पाहिलं, मलिकाने वर आढ्याकडे. मग दिल्शोदांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मांडी सैल केली.

थोड्या वेळाने कुसाबाईंना यातली गंमत कळली. भरला कप दिला की यजमानीण मोकळी, ती आत जाते आणि गप्पा पुरुष मारतात. इथे मात्र दोन घोटांनी कप रिकामा होत होता, आणि प्रत्येक वेळी ओतायला त्याच पुढे. ओतता ओतता एक प्रश्न विचारता येत होता. तुमच्याकडे द्राक्षं कधी येतात? उन्हात वाळवता का? मग काळी नाय पडत? सुना किती? एकत्र ऱ्हातात का? मलिका भाषांतर करता करता दमली.

दिल्शोदही मोकळे झाले. त्यांच्याकडे मातीच्या भिंतींना भोकं ठेवून बांधलेल्या खोल्यांत घड टांगून वाळवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून बेदाणा हिरवा राहतो, असं त्यांनी सांगितलं. गोरक्षकाका सरकत सरकत त्यांच्या गुडघ्याला टेकले. भोकं कोणत्या दिशेला, वारा कसा घेता, मांडीवर बोटाने रेघा काढत दोघांचं सुरू झालं. मध्ये मलिका कुठेच नव्हती आणि तिची गरजही दिसत नव्हती.

जेवणं झाली. जेवणानंतर अमितने घसा साफ केला, कारण त्याला दिल्लीला उत्तर कळवायचं होतं. सृष्टी पाण्याचे पेले उचलायच्या निमित्ताने उभी राहिली.

"दिल्शोदसाहेब, पुढच्या तुकड्यांबद्दल आपलं मत?"

दिल्शोद हळू, मलिकाला वेळ देत बोलले.

"पहिल्या आठवड्यात मी ठरवलं होतं, नको म्हणायचं. शिक्षण चांगलं आहे, पण माणसं आपल्याला टाळतात. आता मला कळलं की ती टाळत नव्हती. पण माझी एक अट आहे. आमच्यात एलची आला की त्याच्यामागून एलची जायला हवा. नाही तर पहिला एलची नुसता प्रवासी ठरतो. तुमचा देश आता मोठा होतोय. आमच्याकडे तुमची औषधं येतात, सिनेमे येतात, योगासनं शिकवणारे येतात. सगळं आम्हाला आवडतं. आमचाही देश आता जगाला बोलावतो, तोही असाच शिकवायला धावतो. शिकवायला सगळे येतात. बसायला कुणी येत नाही. सप्टेंबरमध्ये आमची द्राक्षं असतात. या घरातून कुणीतरी यावं. तसं होणार असेल, तर माझं मत निफाडला."

अमितच्या चेहऱ्यावर सरकारी पेच स्पष्ट दिसला. योजनेत लोक इकडे आणायची तरतूद होती, तिकडे न्यायची नव्हती. 'बघू' म्हणून वेळ मारून नेणं त्याला सहज जमलं असतं. सृष्टी त्याच्याकडे बघत होती.

"मी फोन करतो," तो म्हणाला आणि चप्पल पायात अडकवत बागेत गेला.

वेलींच्या ओळींतून त्याचं डोकं येता-जाता दिसत होतं. फोनवर कधी इंग्रजी, कधी हिंदी, एकदा कुणावर तरी चढलेला आवाज. आत कुणीही त्याचा विषय काढला नाही. कुसाबाईंनी शांतपणे पुन्हा दोन घोट ओतले.

अमित आला तो घामाघूम. "पुढची तुकडी निफाडला, नक्की," तो म्हणाला. "त्यापुढचं वर्षाअखेरीस ठरेल. आणि सप्टेंबरसाठी दोन माणसांना शेतकरी अभ्यास दौऱ्यात बसवता येईल. वरिष्ठ म्हणाले, असं आधी कुणी मागितलंच नव्हतं."

मलिकाने सांगून संपवायच्या आतच दिल्शोदांनी छातीवर हात ठेवला, पण उठले नाहीत.

"आई, तुम्ही जाणार का?" उज्वलाकाकूंनी विचारलं.

"चहात दूध घालतात का तिथं?"

"हिरवा असतो, बिनदुधाचा," मलिका म्हणाली.

"मग मी जाऊन काय करू? गोरक्ष जाईल. त्याला बसायला शिकवलंय मी. आन् ही पोरगी जाईल, इचारायला." त्यांनी सृष्टीचा हात ओढून तिला खाली बसवलं. पेले तिच्या हातातच राहिले.

सोमवारपासून ती पुढच्या तुकडीच्या तयारीला लागली. गोरक्षकाकांनी तर द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला होता: परदेशी पाहुणा आला की कप अर्धाच भरा, पाहुण्याला आत बसवा आणि तुम्ही बसा. खाली ओझरच्या यजमानाने विचारलं होतं, "साखर बी अर्धीच घालू का?"

केंद्रात भेटल्यावर सृष्टी म्हणाली, "काका, तो मेसेज काढा."

"का? आता तर लोकांना कळायला लागलंय."

"पुढची तुकडी केनियाची आहे. त्यांना अर्धा कप दिला, तर कदाचित कंजूष समजतील."

"मग त्यांच्यात काय आसतं?"

"मला माहीत नाही."

गोरक्षकाकांनी खिशातून मोबाइल काढला, मेसेज शोधला आणि पुसला. मग खुर्ची ओढून बसले. "चल, मग कुणाला तरी फोन लाव. या खेपेला आधी इचारू."